परबकाकांची बुटकी गाडी

पीयूसीच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. धुराच्या तपासणीला आलेल्या माणसाला तपासणी नको असते, कागद हवा असतो. रिक्षावाला मान बाहेर न काढताच म्हणतो, नळी राहू दे, नंबराचा फोटो मार. मोठ्या गाडीवाला काच चार बोटं खाली करतो, तीही एसीची थंडी वाया जाणार नाही अशा बेताने. दिवसभर उन्हात उभं राहून मीही थकतो, आणि खोटं कशाला बोलू, नळी न लावता मीही कागद दिलेत. या सगळ्या वर्षांत "आधी नळी लाव, मग बोल" असं मला सांगणारा माणूस एकच भेटला. सखाराम परब. चारकोपमध्ये सगळे त्यांना परबकाका म्हणायचे.

माझी व्हॅन चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या भिंतीला लागून उभी असते. आत धूर मोजायचं मशीन, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि मी. बाहेरच्या बोर्डावर माझ्या नावापुढे 'बी.एस्सी., केमिस्ट्री' असं लिहिलेलं आहे. बघून लोक हसतात. हसू देत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ती अक्षरं मी पेंटरकडून मुद्दाम मोठी करून घेतली आहेत. परबकाका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी तो बोर्ड ओठ हलवत पूर्ण वाचला आणि विचारलं, केमिस्ट्री म्हणजे धुराचंच शिक्षण ना? मी म्हटलं, धुराचंही. "मग बरोबर जागी आलो," ते म्हणाले.

त्यांनी आणलेली गाडी बघून इस्टेटमधल्या गाळ्यांतली माणसं बाहेर आली होती. दोन सीटची, परदेशी बनावटीची, डाळिंबाच्या दाण्यासारख्या रंगाची स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी, की शेजारी रिक्षा उभी राहिली तर रिक्षाच उंच घराण्यातली वाटावी. आणि परबकाका पावणेसहा फूट, काटकुळे, साठी ओलांडलेले. ते गाडीतून उतरायचे तो एक सोहळाच असे. आधी उजवा पाय बाहेर यायचा, मग छपराची कड धरलेला हात, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग उरलेले परबकाका. उतरल्यावर ते प्लास्टिकच्या पिशवीतून चपला काढून पायात घालायचे. गाडी अनवाणी चालवायचे. मशीनवर चप्पल घालून चढायचं नाही, हा त्यांचा नियम. गाडीला ते गाडी म्हणतच नसत. मशीन म्हणत.

ती गाडी त्यांची नव्हती. कांदिवलीच्या एका टॉवरमध्ये ते एका कुटुंबाकडे ड्रायव्हर होते. मोठे साहेब वारले. मुलगा, म्हणजे धाकटे साहेब, हौसेने ही गाडी घेऊन सात वर्षं फिरला आणि नोकरीसाठी परदेशी गेला तो तिकडचाच झाला. घरी उरल्या त्याच्या आई. त्या ऐंशीच्या, फारशा बाहेर पडत नसत. परबकाका त्यांना बाई म्हणत. विमानतळावर सोडायला गेलेल्या परबकाकांना धाकटे साहेब म्हणाले होते, काका, गाडी सांभाळा, टेस्टपुरतीच बाहेर काढा. टेस्ट दर सहा महिन्यांनी. म्हणजे ती गाडी वर्षातून दोनदा घराबाहेर पडायची, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे यायची.

टॉवरपासून माझ्या व्हॅनपर्यंत अंतर दोन किलोमीटर. परबकाकांना पाऊण तास लागायचा. वाटेत अकरा स्पीडब्रेकर, आणि गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर. शेजारच्या सीटवर त्यांनी दोन लाकडी फळ्या ठेवलेल्या असत. प्रत्येक स्पीडब्रेकर आला की थांबायचं, उतरायचं, चपला घालायच्या, फळ्या उताराला लावायच्या, चपला काढायच्या, बसायचं, गाडी पलीकडे न्यायची, परत उतरून फळ्या उचलायच्या. मागे हॉर्नचा दंगा. एकदा एका टेंपोवाल्याने ओरडून विचारलं होतं, काका, नवरी घेऊन चाललाय काय? परबकाका फळी उचलत शांतपणे म्हणाले, "होय. तू वाजव, वरातीक बरा दिसता."

एरवी ते साधं मुंबईचं मराठी बोलायचे. मालवणी बाहेर यायची ती दोनच वेळा, टोमणा मारताना आणि मनाला लागलं की.

पहिल्याच खेपेला मी सवयीने नंबरप्लेटचा फोटो काढला आणि कागद छापायला घेतला. गाडी इतकी चकचकीत की तपासायचं काय, असं मला वाटलं. परबकाकांनी माझ्या हातातला माऊस धरला. नळी लाव म्हणाले. मी म्हटलं, काका, पासच आहे. "तुला कसं कळलं? वास घेऊन?" माझ्या डिग्रीला ते फार लागलं. मी नळी लावली. कार्बन मोनॉक्साइड पॉइंट दोन एक आलं, पास व्हायला पॉइंट पाचच्या आत यावं लागतं. तो आकडा त्यांनी मला दोनदा म्हणायला लावला, कागद घडी न घालता फाईलमध्ये ठेवला आणि सांगितलं की याचा फोटो धाकट्या साहेबांना जाणार. मालक साता समुद्रापलीकडे. मशीन नीट आहे की नाही हे त्याला सांगायला या आकड्याशिवाय आपल्याकडे आहे काय?

मशीन नीट ठेवायची त्यांची एक पद्धत होती. रोज सकाळी सात वाजता ते टॉवरच्या तळघरात जायचे, कव्हर काढायचे आणि गाडी चालू करून अर्धा तास उभी ठेवायचे. आजारपण, सण, सुट्टी, काही असो. सोसायटीच्या लोकांनी आवाजाची तक्रार केली तर मीटिंगमध्ये जाऊन हात जोडून उभे राहिले, पण सातचा नेम सोडला नाही. मी एकदा विचारलं, रोज कशाला? तेव्हा चहाचा ग्लास खाली ठेवून त्यांनी मला गिरणीतली गोष्ट सांगितली.

एकोणिसाव्या वर्षी ते परळला एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे साच्यावर, म्हणजे मागावर, कायम झाले. दोन साचे त्यांच्याकडे होते. मग संप झाला. तो लांबला, गिरणी उघडलीच नाही. दीडेक वर्षाने कामगारांना आपापलं सामान घेऊन जायला आत सोडलं. सामान म्हणजे काय, एक टॉवेल आणि एक डबा. परबकाका सामान ठेवायच्या फळीकडे न जाता आधी आपल्या साच्यांकडे गेले. सूत तसंच चढवलेलं होतं, अर्धं विणलेलं कापड तसंच होतं, आणि लोखंडावर गंजाची भुकटी. हात लावला तर हात तांबडा झाला. "मेलेल्या माणसाला पण वर्षभर असं उघडं टाकत नाहीत रे," ते म्हणाले. "चालतं मशीन काही मागत नाही. बंद पडलं की हात जोडावे लागतात. एकदा बघितलं, पुरे झालं."

त्या दिवसापासून सातच्या त्या नेमाला मी हसलो नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. नाहीतर केमिस्ट्री कशाला शिकलो?

आकडा दर खेपेला थोडाथोडा चढत होता. पॉइंट दोन एकचं दोनेक वर्षांनी पॉइंट दोन सहा, पुढे पॉइंट तीन तीन, आणि शेवटी पॉइंट चार एक. परबकाकांच्या फाईलमध्ये कागद ओळीने लावलेले होते. पासच्या आत आहे ना, म्हणून मी दुर्लक्ष केलं आणि ते माझ्यावर विसंबून राहिले. सहा महिन्यांनी एकदा येणाऱ्या माणसाचा चढता आकडा कोण लक्षात ठेवतो?

मग गेल्या वर्षीचा मे महिना आला. सकाळचे अकरा वाजले होते, डांबर चपलेला चिकटत होतं. परबकाका उतरले ते नेहमीपेक्षा हळू. गाडीला पंधरा वर्षं पुरी होत आली होती. रजिस्ट्रेशन पुन्हा करायचं तर आरटीओला गाडी दाखवायची, आणि त्याआधी धुराची टेस्ट पास हवी. धाकट्या साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, पास झाली तर ठेवू, नाहीतर भंगारात द्या, मला ती कटकट नको.

आणि गाडी भंगारात गेली तर? मी विचारलं.

"तर मी पण. बाईंकडे दुसरी गाडी नाही. ड्रायव्हर कशाला लागतो?"

मी नळी लावली. पडद्यावर आकडा वर चढला, थांबला, परत थोडा चढला.

"किती?"

"पॉइंट नऊ चार."

"परत लाव."

परत लावली. पॉइंट नऊ सहा.

माझ्या स्टुलावर बसले. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी हातात नुसती धरून ठेवली. असं झालंच कसं, याचं कारण त्यांना हवं होतं, आणि कारण मला तेव्हा, पडदा बघता बघता, कळलं होतं. मी शिकलेला माणूस, सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं. थंड इंजिन जास्त पेट्रोल ओढतं. गाडी पळाली तर ते नीट जळतं, उभ्या जागी अर्धवट जळतं. त्याची काजळी प्लगवर बसते, आत बसते. सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारी एक जाळी असते, ती चांगली तापली तरच काम करते, आणि अर्ध्या तासाच्या उभ्या घुरघुरीने ती कधी तापलीच नाही. साचा रिकामा फिरवला तर फिरतो. पेट्रोलचं इंजिन रोज उभ्या उभ्या फिरवलं तर आतून काळं होत जातं. बंद ठेवली असती तर कदाचित इतकं झालं नसतं.

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

"म्हणजे ह्यां मीच केलंय," परबकाका म्हणाले. "रोज सकाळी. आठ वर्षां."

मी नळी गुंडाळायला घेतली. नाही म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

थोड्या वेळाने मी आवाज खाली आणून सांगितलं की एक रस्ता आहे. फोटो तुमच्या गाडीचा घेतो, नळी समोरच्या नव्या गाडीला लावतो. सगळीकडे चालतं. कोणाला कळणार नाही. हे सांगताना मला लाज वाटली नाही, त्या वेळी खरंच नाही. म्हातारा माणूस, नोकरीचा प्रश्न. परबकाकांनी माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बघितलं ते आजारी नातेवाइकाची विचारपूस करायला आलेल्या माणसासारखं.

"रक्त माझं बिघडलेलं, आणि तपासणार शेजाऱ्याचं," ते म्हणाले. "मग औषध कोणी प्यायचं?"

आणि फळ्या, अकरा स्पीडब्रेकर, परत घरी.

तीन दिवसांनी पुन्हा आले. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं होतं, प्लग स्वतः बदलले होते. जुने प्लग रुमालात बांधून मला दाखवायला आणले होते, काजळाच्या डबीत बुडवून काढल्यासारखे. आकडा आला पॉइंट सात एक. नापास. आठवडाभरात आरटीओची तारीख होती. मी म्हटलं, काका, आता मशीनमध्ये हात घालण्यासारखं काही उरलं नाही. हिला पळवायला हवी. मोकळ्या रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये, चांगली वीस-पंचवीस मिनिटं, आणि तशीच गरम इथे आणायची. त्यांनी मान हलवली. टेस्टपुरतीच बाहेर काढायची, असा शब्द दिला होता. मग साहेबांना फोन करा, मी म्हटलं. ते म्हणाले, फोन केला तर तो म्हणेल, काका, सोडा ना, भंगारात द्या. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं. ते संध्याकाळी बाईंकडे गेले. बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. यांनी सगळं सांगितलं, काजळीसकट, चूक आपली हेही. बाईंनी विचारलं, गाडी कोणाच्या नावावर आहे? साहेबांच्या. त्याला विचारलंस? नाही. तशा बाई म्हणाल्या, "मग मलाही विचारू नकोस. रविवारी किती वाजता निघायचं ते सांग. पंधरा वर्षं झाली, मला कोणी त्या गाडीत बसवलेलं नाही."

रविवारी मी व्हॅन उघडत नाही. त्या रविवारी उघडली. साडेसहाला ते दोघं टॉवरमधून निघाले होते. फळ्यांची जागा बाईंनी घेतली होती, म्हणून फळ्या त्यांच्या मांडीवर. हायवेला लागले, बोरिवली मागे टाकली, दहिसरचा नाका ओलांडून घोडबंदरच्या रस्त्याला गेले. आयुष्यभर साठच्या वर न गेलेले परबकाका तिथेही कडेनेच चालले होते. बाई म्हणाल्या, परब, रिक्षा पुढे गेली. मग त्यांनी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला.

"इंजिन ओरडलं. मला वाटलं आता फुटतं," परबकाकांनी सांगितलं. "आरशात बघतो तर मागे काळा धूर. एवढा लोट. रस्ता दिसेना. सगळ्यो माझ्यो सकाळी, बघ. आठ वर्षांच्यो." मग धूर पातळ झाला, मग करडा, आणि परतीच्या वाटेला आरशात नुसता रस्ता.

पावणेनऊला गाडी माझ्यासमोर उभी राहिली. इंजिन चालूच. मागून येणारी ऊन हवा नडग्यांना भाजत होती. बाई डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या, उतरल्या नाहीत. उतरणं त्यांना जमणारंही नव्हतं. परबकाका अनवाणीच खाली उतरले आणि माझ्या पडद्यासमोर येऊन उभे राहिले. मी नळी लावली.

आकडा चढायला लागला. पॉइंट एक. पॉइंट दोन. पॉइंट दोन पाच. तिथे जरा घुटमळला. पॉइंट दोन आठ. थांबला.

"परत लाव," ते म्हणाले.

परत पॉइंट दोन आठ.

बाईंनी आतून विचारलं, झाली का पास? मी हो म्हटलं. "मग चला. माझा चहा राहिलाय." कागद गरम होता, तो परबकाकांनी दोन्ही हातांनी धरला. मला एवढंच दिसलं की ते फार दमले आहेत. मीही दमलो होतो, का ते मला सांगता येणार नाही.

आरटीओत गाडी पास झाली. पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन मिळालं. परबकाकांनी सातचा नेम बंद केला. त्याऐवजी दर रविवारी बाईंना घेऊन घोडबंदरपर्यंत जाऊन यायचे. असे सहा-सात रविवार झाले असतील. मग धाकट्या साहेबांचा फोन आला. कागदपत्र नवे, गाडी उत्तम, अशा गाडीला गिऱ्हाईक चांगलं मिळतं. मिळालंही, मुलुंडचं. नापास झाली असती तर भंगारात गेली असती. पास झाली म्हणून विकली गेली. मी हे परबकाकांना बोललो नाही. त्यांना ते माझ्याआधी कळलं असणार.

घेणाऱ्याची एकच अट होती, समोर पुन्हा टेस्ट करून द्या. म्हणून शेवटची टेस्टही माझ्याकडेच झाली. घेणारा तिशीतला, सभ्य, दोनदा अहो-काका करून बोलणारा. आकडा चांगला आला. परबकाकांनी किल्ली दिली, फाईल दिली, कागद ओळीने लावलेत ते उघडून दाखवले. मग त्याला एकच गोष्ट सांगितली.

"उभी ठेवून चालू करू नका. न्यायची तर लांब न्या. नाहीतर हात लावू नका."

तो हो हो म्हणाला. गाडी गेली. सकाळचे साडेदहा झाले होते. मला वाटलं परबकाका आता निघतील. ते स्टूल घेऊन व्हॅनच्या सावलीत बसले. रिक्षा आल्या, टेंपो आले, एक शाळेची बस आली. प्रत्येक वेळी ते किती म्हणून विचारायचे, मी आकडा सांगायचो, ते मान हलवायचे. त्यामुळे त्या दिवशी मी प्रत्येक गाडीला नळी लावली. दुपारी माझ्या डब्यातली अर्धी पोळी आणि भाजी त्यांनी खाल्ली.

पाचला मी मशीन बंद केलं तसे ते उठले. स्टूल उचलून व्हॅनमध्ये ठेवलं.

"बाई म्हणाल्या, उद्यापासून आराम कर."

करा की काका, मी म्हटलं. या वयात करायलाच हवा.

"करूक काय हरकत नाय," ते म्हणाले. "पण कसो करतत, ता कोणी शिकवलाच नाय."

मग ते रस्ता ओलांडायला कडेला जाऊन उभे राहिले. एक रिक्षावाला त्यांच्यासाठी थांबला. परबकाकांनी हात करून त्याला आधी जायला सांगितलं. मागून टेंपो आला, त्यालाही. मग एक बस, तिच्यामागून दोन मोटारसायकली. रस्ता मोकळा झाला तरी ते थोडा वेळ तसेच उभे होते, अजून काही येतंय का ते बघत.